पाचशे प्रती

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या नांदेडात 'इलेक्ट्रॉनिक संगीत' असं म्हटलं, की माणसं आधी कानांवर हात ठेवतात. त्यांच्या डोळ्यांसमोर वरातीतला डीजे येतो. गाडीवर रचलेली स्पीकरची भिंत, मागे धडधडणारं जनरेटर आणि थेट छातीत बसणारे ठोके. आमच्या गल्लीतून अशी वरात निघाली, की खिडकीची तावदानं थरथरतात आणि आमच्या अम्मी पलंगावरून ओरडतात, "अरे, कोई तो बंद करो रे!"

त्यामुळे मी या विषयावर बोलणार आहे म्हटल्यावर घरातूनच प्रश्न आला, की कविता सोडून तुम्हाला हे काय सुचलं? मी म्हटलं, मी कवितेचंच बोलणार आहे. लिहिणाऱ्या माणसाला दोन प्रश्न आयुष्यभर छळतात. छापणार कोण? आणि छापलेलं टिकवणार कोण? गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचेही हेच दोन प्रश्न आहेत. म्हणून आज मी एका लहानशा जपानी यंत्राची, त्याच्या आधाराने उभ्या राहिलेल्या छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची, आणि शेवटी आपल्या नांदेडच्या पाचशे कॅसेटची गोष्ट सांगणार आहे.

गोष्ट सुरू होते मुंबईत. चरणजित सिंग नावाचे एक वादक तिथे होते. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात ते गिटार वाजवत, कीबोर्ड वाजवत. शंकर-जयकिशन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, राहुल देव बर्मन अशा मोठमोठ्या संगीतकारांकडे त्यांनी काम केलं. लग्नसमारंभातही त्यांचा वाद्यवृंद वाजत असे. गाणी साऱ्या देशाने ऐकली. पण वाजवणाऱ्याचं नाव कव्हरवर छापण्याची पद्धत तेव्हा नव्हती.

चरणजित सिंगांना नव्या वाद्यांचं वेड. सिंगापूरहून त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं आणली. एक मोठा सिंथेसायझर, ज्युपिटर-८. दुसरं टीआर-८०८, म्हणजे ठेका देणारं यंत्र. आणि तिसरा टीबी-३०३ नावाचा चंदेरी रंगाचा छोटा डबा. हा तिसरा डबा लक्षात ठेवा. गिटार वाजवणाऱ्याला एकट्याने सराव करताना खालच्या सुरांची साथ मिळावी, एवढ्यासाठीच तो बनवला होता.

ते दिवस डिस्कोचे होते. चरणजित सिंगांच्या मनात आलं, की तबला बंद ठेवायचा, ठेका यंत्राचा घ्यायचा आणि त्यावर आपले राग वाजवायचे. १९८२ साली त्यांनी भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग या यंत्रांवर वाजवून मुद्रित केले. 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' या नावाने तबकडी निघाली. काढली ती ग्रामोफोन कंपनीने, जिला आपण सगळे 'एचएमव्ही' म्हणत आलो. तबकडी फारशी खपली नाही. शास्त्रीयवाल्यांना ती आपली वाटली नाही आणि नाचणाऱ्यांना तीत गाणं सापडलं नाही. एवढ्या मोठ्या कंपनीच्या यादीत अशा तबकड्या कितीतरी असतात. ही विसरली गेली.

गंमत म्हणजे तो चंदेरी डबाही विसरला गेला. गिटारवाल्यांना त्याचा आवाज आवडेना. तो गिटारसारखा नव्हताच. कुणी रबर ताणून सोडावं तसा वाटे. सुमारे दहा हजार डबे बनवून १९८४ मध्ये रोलँडने ते बंद केले. जुन्या बाजारात ते मातीमोल भावाने जाऊ लागले. आणि म्हणूनच ते गरीब पोरांच्या हाती पडले.

अमेरिकेत शिकागो शहरात काही कृष्णवर्णीय तरुणांनी असाच एक जुना डबा घेतला. वापरायचा कसा, ते सांगणारं कुणी नव्हतं. यंत्र सुरू असतानाच त्यांनी त्याची बटणं हवी तशी फिरवायला सुरुवात केली. आवाज वळायला, किंचाळायला, गुरगुरायला लागला. त्यातून १९८७ साली 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी निघाली. तिच्यावर 'फ्यूचर' असं त्यांच्या गटाचं नाव होतं. 'ॲसिड हाऊस' या नृत्यसंगीताची ती पहिली तबकडी मानली जाऊ लागली. तो प्रकार समुद्र ओलांडून इंग्लंडमध्ये गेला आणि तिथली तरुण पोरं रात्र रात्र त्यावर नाचू लागली.

आता इंग्लंडमधल्या शेफिल्ड या गावाकडे येतो. हे पोलादाचं गाव. चाकू-सुऱ्यांपासून तोफांपर्यंत सगळं तिथे बनलं. १९८० च्या दशकात कारखाने बंद पडले, हजारो माणसं घरी बसली. हे वाचताना मला आमच्या उस्मानशाही मिलची आठवण झाली. माझ्या लहानपणी नांदेडचं घड्याळ म्हणजे त्या मिलचा भोंगा. भोंगा वाजला की अब्बा डबा उचलत. पुढे मिल बंद पडली. भोंगा थांबला तरी कितीतरी दिवस अब्बा त्याच वेळेला उठून बसायचे.

शेफिल्डच्या पोरांच्या कानांतही असेच घणाचे आवाज उरलेले होते. तिथे स्टीव्ह बेकेट आणि रॉब मिचेल हे दोघे तरुण तबकड्यांचं दुकान चालवत. रॉबर्ट गॉर्डन हा ध्वनिमुद्रण जाणणारा मित्र त्यांना येऊन मिळाला. १९८९ साली तिघांनी 'वॉर्प' नावाची कंपनी काढली. भांडवल कुठून आणलं? बेकारांनी स्वतःचा धंदा सुरू करावा म्हणून सरकारची एक योजना होती, आठवड्याला चाळीस पौंड देणारी. त्या योजनेच्या पैशातून पहिली तबकडी निघाली. वाजवणाऱ्यांच्या गटाने स्वतःला 'फोर्जमास्टर्स' म्हणवून घेतलं. ते गावातल्याच एका पोलाद कारखान्याचं नाव. प्रती काढल्या फक्त पाचशे, आणि त्या उसन्या मोटारीत घालून दुकानोदुकानी पोचवल्या.

त्या तबकडीवर एक क्रमांक होता, 'वॅप १'. मला या एकाच्या आकड्याचं फार अप्रूप वाटतं. हातात पाचशेच प्रती, मोटार उसनी, आणि तरी क्रमांक घातला एक. दोन काढायची हे मनात असल्याशिवाय कुणी एक लिहीत नाही.

पहिल्या तबकडीमागून पुढच्या निघत गेल्या. १९९० साली त्यांची 'एलएफओ' ही तबकडी इंग्लंडच्या खपाच्या यादीत बाराव्या क्रमांकावर पोचली. मग या लोकांनी एक शहाणपण केलं. नाचाची लाट ओसरणार, हे त्यांनी ओळखलं. नाचून दमलेला माणूस घरी आल्यावर काय ऐकेल, असा विचार करून १९९२ मध्ये त्यांनी 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' या नावाचा संग्रह काढला. आज हे शब्द शाळकरी पोरांच्याही तोंडी आहेत. पण तेव्हा त्या कव्हरवर आरामखुर्चीत बसून संगीत ऐकणारा एक यंत्रमानव होता. यंत्रावर केलेलं संगीतही बसून, मन लावून ऐकायचं असतं, असा त्याचा अर्थ. ॲफेक्स ट्विन या नावाने वाजवणारा अवलिया कलावंत याच कंपनीतून जगभर पोचला.

२००० साली कंपनी लंडनला गेली. २००१ मध्ये रॉब मिचेल कर्करोगाने गेले. ते दिवस सगळ्याच रेकॉर्ड कंपन्यांना कठीण होते. इंटरनेटवरून गाणी फुकट उतरवून घेतली जात होती. वॉर्पने २००४ मध्ये 'ब्लीप' नावाचं स्वतःचं इंटरनेटवरचं दुकान काढलं आणि गाणी तिथे विकायला सुरुवात केली. विकत घेणाऱ्यावर कुलपं-किल्ल्यांचा अविश्वास दाखवला नाही. पाचशे प्रतींचं ते घर आजही उभं आहे.

आता आपल्या मुंबईच्या तबकडीकडे परत जाऊ. एडो बाऊमन नावाचे एक डच गृहस्थ जुन्या हिंदी चित्रपटसंगीताच्या नादाने भारतात फिरत असत. २००२ साली दिल्लीच्या एका दुकानात त्यांच्या हाताला चरणजित सिंगांची तबकडी लागली. सुई टेकवली आणि ते चक्रावले. शिकागोचा म्हणून जगाला माहीत असलेला तो वळणारा, गुरगुरणारा आवाज तिच्यावर होता. कव्हरवरचं साल मात्र १९८२, म्हणजे शिकागोच्या पाच वर्षं आधीचं!

बाऊमन मुंबईला येऊन चरणजित सिंगांना भेटले. 'बॉम्बे कनेक्शन' नावाची त्यांची अगदी छोटी कंपनी होती. जुन्या हिंदी चित्रपटांतलं वादन निवडून त्या कंपनीने संग्रह काढलेले होते. २०१० साली तिने ही तबकडी नव्याने काढली. अठ्ठावीस वर्षांनी लोक ती ऐकू लागले. सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग आपली यंत्रं घेऊन युरोपच्या मंचांवर गेले आणि नातवंडांच्या वयाची पोरं त्यांच्यासमोर यमन-मालकंसावर नाचली. २०१५ साली मुंबईत त्यांचं निधन झालं. निदान जाण्याआधी त्यांना हे पाहायला मिळालं.

पण एक गोष्ट मनात रुतून बसते. तबकडी पुन्हा निघाली तेव्हा बऱ्याच जणांना ती बनावट वाटली. मुंबईचा लग्नात वाजवणारा वादक १९८२ साली असं काही करूच शकणार नाही, कुणीतरी युरोपियनाने गंमत केली असणार, असं बोललं गेलं. काहींनी तर थेट ॲफेक्स ट्विनचं नाव घेतलं.

मला याचं हसू आलं नाही. मी गेली तीस-पस्तीस वर्षं मराठीत कविता लिहितो. अजूनही मुशायऱ्यात, संमेलनात कुणीतरी कौतुकाने विचारतं, "तुमची मातृभाषा उर्दू ना? मग एवढं चांगलं मराठी कसं?" एका संपादकांनी तर माझं नाव हे टोपणनाव समजून खरं नाव कळवा, असं पत्र पाठवलं होतं. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण आपणच केलेलं काम आपलं आहे, हे पटवून देत बसणं काय असतं, ते मला ठाऊक आहे. चरणजित सिंगांच्या बाजूने बोलायला निदान कव्हर होतं, त्यावर नाव होतं, साल होतं. ते जपणारं एक छोटं घर भेटलं.

आता आमच्या पाचशे कॅसेटची गोष्ट.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर-उस्मानाबादकडची माणसं विसरणार नाहीत. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती आणि किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांवर भूकंप कोसळला. सुमारे दहा हजार माणसं गेली. मी तेव्हा बी.ए. होऊन नोकरी शोधत होतो. मदतीच्या ट्रकमध्ये बसून किल्लारीला गेलो. परत आलो ते झोप हरवूनच. त्या काळात मी काही गाणी लिहिली. दगडांच्या ढिगाऱ्यावर बसून लेकीला हाक मारणाऱ्या एका बापाचं गाणं त्यात होतं.

माझा एक गायकमित्र होता. जयंतीला भीमगीतं गायचा, कंधारच्या उरुसात कव्वालीला कोरसमध्ये बसायचा. आवाज असा, की माईक बंद पडला तरी मागच्या रांगेला ऐकू जावा. त्याने ती गाणी उचलली. गावात एक गृहस्थ भाड्याच्या खोलीत कॅसेट कंपनी चालवत. खोलीच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे आणि गोणपाट लावलेलं. ढोलकीवाला, हार्मोनियमवाला परवडत नव्हते. ऑर्केस्ट्रातलं एक पोरगं कॅसिओ घेऊन आलं आणि त्यातल्या तयार ठेक्यावर आठ गाणी एका रात्रीत झाली. पंखा बंद, घामाच्या धारा. म्हणजे बघा, तबला बंद आणि ठेका यंत्राचा. चरणजित सिंगांचं नावसुद्धा आम्ही ऐकलेलं नव्हतं. पण आमचंही ते इलेक्ट्रॉनिक संगीतच होतं.

कॅसेट काढल्या पाचशे. माळेगावच्या यात्रेत, उरुसात, बसस्टँडवरच्या गाड्यावर त्या हातोहात गेल्या.

मी मोठ्या उत्सुकतेने कव्हर उघडून पाहिलं. गायकाचं नाव होतं. कॅसिओवाल्या पोराचं नव्हतं. आणि माझ्या गाण्यापुढे छापलं होतं, 'गीत : पारंपरिक'. भूकंप होऊन वर्षही झालेलं नव्हतं, आणि गाणं पारंपरिक! मी विचारायला गेलो, तर मालक म्हणाले, "उगी कशाला राग मानायलाव कवी? पारंपरिक म्हनलं की लोक लवकर घेतेत." त्यांना वाटत होतं, आपण मला मोठेपणाच दिला.

दुसरी आवृत्ती काढा म्हणून लोक मागत होते. पण मूळ ध्वनिमुद्रणाची फीत उरलीच नव्हती. नवी फीत महाग म्हणून तिच्यावरच पुढची कॅसेट मुद्रित झाली होती. पुढे सीडी आली, मग मेमरी कार्डात गाणी भरून मिळू लागली. त्या खोलीत आता मोबाइलचं दुकान आहे. माझा गायकमित्रही गेला.

मी त्या मालकांना दोष देऊन मोकळा होत नाही. पाचशे प्रती शेफिल्डच्या पोरांनीही काढल्या होत्या आणि पाचशे आम्हीही. गिऱ्हाईक त्यांनाही होतं, आम्हालाही होतं. फरक पडला तो कुठे? त्यांनी पहिल्यावर एक क्रमांक घातला, आणि पुढची निघत राहील अशी व्यवस्था केली. आम्ही पुढची काढण्यासाठी पहिली पुसली. आणि नावंही लिहिली नाहीत. २०१२ साली कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा आता त्याच्याकडून सरसकट लिहून घेता येत नाही. पण कव्हरवर 'पारंपरिक' असेल, तर कायदा वाटा देणार कुणाला?

मागच्या वर्षी त्या मित्राची मुलगी लातूरहून आली. वडील गेले तेव्हा ती फार लहान होती. म्हणाली, "काका, पप्पांचा आवाज माझ्याकडं कुठंच नाही." अम्मींच्या जुन्या ट्रंकेत एक कॅसेट सापडली. फितीवर बुरशीचे पांढरे ठिपके होते. वाजवायची कशी?

वाजवून दिली ती आमच्या गल्लीतल्या डीजेवाल्या पोराने. ज्याच्या नावाने अम्मी ओरडतात, तोच. त्याने कॅसेटचे पाच स्क्रू काढले, बुरशी हलक्या हाताने पुसली, दोन्ही रिळं दुसऱ्या चांगल्या डबीत बसवली आणि फीत एकदाच, न थांबवता वाजवून लॅपटॉपमध्ये उतरवून घेतली. खरखर होती. तिच्यामागून आवाज आला. लेकीला हाक मारणाऱ्या बापाचं गाणं, आणि ऐकायला त्याची लेक बसलेली. आम्ही कुणीच काही बोललो नाही.

मग ते पोरगं म्हणालं, "सर, हे मी इंटरनेटवर टाकतो. एक साधं, एक माझा ठेका घालून. चालंल का?" मी मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "चालंल. पण नावं लिवा सगळ्याची." त्याने वही काढली. गायकाचं नाव लिहिलं. कॅसिओवाल्याचं नाव आठवायला आम्हाला दोन दिवस लागले, दहा जणांना फोन करावे लागले. पण ते मिळालं. शेवटी मला विचारलं, "सर, तुमचं नाव कसं लिवायचं?" तीस वर्षांनी कुणीतरी विचारलं.

श्रोतेहो, ही काही आपलीच गोष्ट नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराच्या मदतीने इलेक्ट्रॉनिक संगीताची प्रयोगशाळा उभी राहिली होती. मूग सिंथेसायझर आणला होता आणि आपल्या माणसांनी त्यावर प्रयोग केले होते. ती रिळं वर्षानुवर्षं पडून राहिली. कुणीतरी ती पुसली नाहीत, एवढ्यामुळेच २०२३ साली लंडनच्या एका स्वतंत्र कंपनीला त्यांतली निवडक तबकडीवर आणता आली.

म्हणून एक विनंती. घरात जुन्या कॅसेट असतील तर भंगारात देऊ नका. उन्हात ठेवू नका, ओलीतही ठेवू नका. फीत चिकटलेली वाटली तर जोराने पुढे-मागे पळवू नका, ती तुटते. जाणत्याकडून एकदा उतरवून घ्या. आणि कव्हरवर जे छापलेलं नाही, ते पेनाने लिहून ठेवा. कुणी गायलं, कुणी वाजवलं, कुणी लिहिलं, साल कोणतं. हे सांगणारी माणसं आहेत तोवरच हे होईल.

त्या पोराने ठेका घातलेलं गाणं अम्मींनाही ऐकवलं, आवाज अगदी बारीक ठेवून. त्या काही म्हणाल्या नाहीत; पण संपल्यावर पुन्हा लावायला सांगितलं. आमच्या गाण्यापुढे त्याने क्रमांक एक घातला आहे. दोनसाठी तो कॅसेट शोधतो आहे. एखादी तुमच्या ट्रंकेत असेल, तर बघा.